गरम भरलेली मुडी

साल दोन हजार एकवीस. आमच्या तळीवाडीत सालं आकड्यांनी ध्यानात राहत नाहीत, वादळांनी राहतात. तौक्ते वादळानं जनीच्या गोठ्याची कौलं उडवून गडग्यापलीकडे चिमाच्या परड्यात नेऊन टाकली, ते हे साल.

कौलं परत आणायची तर चिमाशी बोलायला हवं होतं. चिमा म्हणजे जनीची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा, आणि त्या गडग्यावरून पाच-सहा वर्षांत सरळ एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता. कारण विचाराल तर गौरीचा ओवसा. गौरीपुढे सुनांची सुपं ओवसायची, म्हणजे वाण भरून ओवाळायची, त्यात पहिला मान थोरल्या घरचा. त्या साली जनीची सून मुंबईहून निघाली ती एस्टी वाटेत बंद पडली, आणि वेळ टळेल म्हणून चिमानं आपल्या सुनेचं सूप आधी ओवसलं. एवढंच. पण एवढ्यावर माणसं जन्म काढतात, पाच-सहा वर्षांचं काय घेऊन बसलात.

बोलायचं नाही म्हणजे गप्प बसायचं असा मात्र त्याचा अर्थ नव्हता. दोघींकडे कोंबड्या होत्या. जे काय सांगायचं ते कोंबडीला सांगायचं, आणि गडग्यापलीकडे पोचेल एवढ्या आवाजात सांगायचं. वादळ उतरल्यावर जनी परड्यात उभी राहिली आणि कोंबडीला म्हणाली, "जा गो, बगून ये. आपली कौलं कुनी दडपून बसलंय काय ता बग. वादळात हुडालेला सामान म्हंजे काय कुनाच्या बापसाची मिळकत नव्हं."

पलीकडून चिमानं आपल्या कोंबड्याला सांगितलं, की न्यायची तर न्या म्हणावं, इथं कोणाला हवीत फुटकी कौलं. झालं, व्यवहार मिटला. जनी जाऊन कौलं घेऊन आली आणि चिमा तेवढा वेळ पाठ फिरवून भांडी घासत बसली.

जनीचा नवरा महिपत वारल्यापासून ती घरात एकटी होती. एकट्या माणसाला दोन रोग जडतात. एक, स्वतःशी बोलण्याचा. दुसरा, फोनवर बढाया मारण्याचा. तिचा मुलगा रितेश मुंबईत छापखान्यात कामाला. लॉकडाउनमध्ये छापखाना बंद पडला तो पडलाच. दिवा स्टेशनजवळच्या खोलीत नवरा-बायको दोघं बसून. रितेशची बायको निशिगंधा मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली; तिला त्या दिवसांत फोनवर नवाच नाद लागला. आपलं अन्न आपण पिकवायचं, दुकानावर अवलंबून राहायचं नाही, स्वयंपूर्ण जगायचं, असं सांगणारी माणसं ती बघत बसायची. एक दिवस तिनं सासूला फोन करून विचारलं, की गावी राहून घरचं पिकवून जगता येईल का.

जनी म्हणाली, "अगो, मिटाबिगर दुकानातला काय लागताय आमाना? तुमी या तर. माज्या हातात सगला हाय."

हे बोलताना तिच्यासमोर ओटीवर चहात बुडवायच्या बटरचं पाकीट होतं, चुलीपाशी तेलाची पिशवी होती आणि मसाला पावस गावच्या बाजारातला होता. भाताचं बीसुद्धा दरसाल दुकानातून प्लास्टिकच्या पिशवीतून यायचं. पण बोलाचाच भात नि बोलाचीच कढी, त्याला बी कशाला लागतंय?

गणपतीला दोघं आली ती सामान घेऊनच. रितेश मूळचा सावध. त्यानं आल्या आल्या सांगितलं, की पुढच्या गणपतीपर्यंत बघायचं. घरचं खाऊन, घरचं बी पेरून घर चाललं तर राहायचं. दुकानात जायची पाळी आली तर मुंबईकडे भिवंडीला एक मित्र काम द्यायला तयार आहे. जनीनं मान डोलावली आणि आत जाऊन बटरचं पाकीट फडताळात सर्वांत मागं सारलं. घरात पुन्हा दोन माणसांची पायताणं दिसत होती. ती तशीच दिसत राहावीत, एवढंच तिला हवं होतं.

पहिले दीड-दोन महिने निशिगंधाचे. तिनं फोनमधून गुरू शोधले. एक दाढीवाला परदेशी माणूस होता, तो ओंडके तासून वाफ्यांना चौकटी करायचा. निशिगंधानं तशा चौकटी केल्या. आठवडाभरात वाळवीनं लाकूड खाऊन मातीचे बोगदे तेवढे ठेवले. दुसरा कोणी देशावरचा होता, तो म्हणायचा दोन फूट खणून घ्या. आमच्या इथं वीतभर खणलं की कुदळीतून ठिणगी उडते, खाली सगळा कातळ. तिसरी बाई हिमालयाकडची, ती भाज्या बर्फाखाली ठेवायची. एकानं सांगितलं म्हणून वाफ्यावर पेंढ्याचं आच्छादन घातलं, तर त्याखाली गोगलगायींचं लग्न लागलं आणि वऱ्हाड सगळी मुळ्याची पानं जेवून गेलं.

जनी हे सगळं ओटीवर बसून बघायची आणि कोंबडीला सांगायची. निशिगंधा रडकुंडीला आली. ती काही वेडी नव्हती. चिकाटीची होती, हाताला माती लागली तर नाक मुरडणारी नव्हती. एक दिवस ती पायरीवर बसून म्हणाली, "आई, चांगलं सांगणारं कोणी सापडतच नाही हो. सगळे दुसऱ्याच मातीतले."

"मंग शोदतंस कशाला?" जनी म्हणाली. "मी काय मेलंय? माज्या सासूनं मना सगला शिकवलंन. भात कापून होऊ दे, बियाची मुडी बांदून दाकवतंव तुला."

मुडी म्हणजे पेंढ्याची गोल गच्च गाठोडी. त्यात पुढल्या सालचं बी भरायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचं. जनीच्या सासूच्या काळात घरोघरी अशा मुड्या असत. जनीला ते सगळं आठवत होतं. सासूचं जांभळं लुगडं आठवत होतं, खळ्यात सारवलेल्या शेणाचा वास आठवत होता, मुडी बांधताना सासूनं सांगितलेली पावसच्या वाण्याची फजिती आठवत होती, आणि तेव्हा शिंकलेलं कुत्रं आठवत होतं. फक्त पेंढा आधी आडवा घालायचा की उभा, ते आठवत नव्हतं.

भात कापून, झोडून झालं. जनी खळ्यात बसली. पदर खोचला. पेंढा आडवा घातला, उभा घातला, आडवा-उभा घातला. बांधून उचलली की खालून भात ओघळायचं. रितेश बघत होता. जनीनं सांगितलं, की पेंढा यंदाचा बरा नाही, पावसात भिजलेला आहे, पहिल्यासारखा पेंढा आता कुठं राहिलाय. मग पावसाला नावं ठेवली, मग सरकारला. शेवटी कंबर धरली म्हणून उठली.

त्या संध्याकाळी तिनं रितेशचा जुना फोन उचलला. म्हणाली, देवाची गाणी ऐकायची आहेत. फोनवर चित्रं हलतील एवढी रेंज जनीच्या घरी एकाच जागी यायची, ती गोठ्याच्या कोपऱ्यात, गव्हाणीपाशी. तिथं पालथ्या घमेल्यावर बसून म्हातारीनं फोनला विचारलं, की मुडी कशी बांधतात. सुनेनं परदेशी दाढीवाल्याला विचारलं तेव्हा हसून हसून पोट धरणारी ही बाई, आता स्वतः गाईच्या शेपटीचे फटके खात फोनला विचारत होती. गाय मान वळवून बघायची. जनीला गाईचीसुद्धा लाज वाटली.

बरंच धुंडाळल्यावर तिला एक चॅनल सापडलं. 'कातळावरचं घर' असं नाव. त्यात तोंड कोणाचं दिसायचं नाही. एका बाईचे नुसते हात दिसायचे, काळपट, बांगड्या मागे सारलेले, आणि वरून दुसरीच कोणी तरुण बाई बातम्या द्याव्यात तशा शुद्ध भाषेत सांगायची. पण सांगणं अस्सल होतं. जांभ्याची माती, आपला पाऊस, आपली वाळवी, सगळं धरून सांगणं. मागं कोणीतरी लांबवर सारखं ओरडत असायचं, वाऱ्यात नीट कळायचं नाही. जनीला त्या हातवाल्या बाईची कीव यायची, की एवढी गुणी बाई आणि शेजार काय मिळालाय. बाकी डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, फोन तळहाताएवढा. तिला दिसायचं तेवढं पुरेसं होतं. पेंढा आधी चांदणीसारखा पसरायचा. आडवाही नाही, उभाही नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हात वाळत घातलेलं भात तळवटावरून उचलून तिनं पहिल्या झटक्यात मुडी बांधली. काठीनं ठोकून गोल केली. हातावर झेलून दाखवली. रितेशनं टाळी वाजवली. जनी म्हणाली, ही कला हातात असावी लागते, फोनमध्ये मिळत नाही. निशिगंधा खाली मान घालून सांडलेलं भात वेचायला लागली. मुडी माळ्यावर गेली.

मग काय विचारता. थंडीभर जनी रात्रीचं जेवण आटोपायच्या आधी गोठ्यात देवाची गाणी ऐकायची आणि सकाळी सुनेला वाडवडलांची विद्या शिकवायची. कुळीथ राखेत घोळवून मडक्यात कसा ठेवायचा, उंडीच्या बियांचं तेल कसं काढायचं, सगळं. कधी कधी निशिगंधा नेमकं तेच विचारायची जे जनीनं आदल्या संध्याकाळी बघितलेलं असायचं. जनीला वाटायचं, पोरगी तयार होतेय.

वाडीत बोलबाला झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटाच्या बायकांनी जनीला मध्ये बसवलं आणि जुन्या गोष्टी सांगायला लावल्या. मग जनीची जीभ जी सुटली ती सुटलीच. सासूनं आपल्यालाच कसं सगळं दिलं, धाकटीला कसं काही जमायचं नाही, हे तिनं नाव न घेता सांगितलं. चिमा तिथंच खांबाशी बसली होती. तिनं नुसता पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलताना दिसले. जनीनं मनात म्हटलं, रडू दे थोडी.

वैशाख संपत आला. पेरणीआधी बी उगवतं की नाही बघायचं असतं, मूठभर भिजवून. रितेशनं मुडी माळ्यावरून काढली, ती हाताला हलकी आणि ओलसर लागली. खळ्यात आणून दोरी कापली. आतून कुबट वास आला. भात काळं पडलेलं, एकमेकांना चिकटलेलं, बुरशीनं पांढरं. मूठभरसुद्धा धड नव्हतं.

रितेशनं दोन दाणे नखानं फोडून बघितले. मग शांतपणे म्हणाला, "आई, दुकानातून बी आणूया. पेरून देतो तुला. पण मग आपला खेळ संपला. भिवंडीवाल्याला जूनमध्ये माणूस पायजे, त्याला हो म्हणून सांगतो."

जनी ते काळं भात हातानं चिवडत राहिली. ती म्हणाली, पेंढाच वाईट होता. यावेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

रितेश छापखान्यातला माणूस. चूक कुठं झाली ते सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो गोठ्यात गेला आणि फोनवर शोधत बसला. थोड्या वेळानं त्यानं दोघींना हाक मारली. म्हणाला, आई, बघ, ही बाई अगदी तुझ्यासारखीच मुडी बांधते.

जनीनं आयुष्यात पहिल्यांदाच फोन बघत असल्यासारखं तोंड केलं. कोण ही बाई, म्हणाली. बरी दिसते हाताची. मग विसरली आणि बोलून गेली, "आता ती पेंडा पसरील बग, चांदनीवानी." आणि त्या हातांनी पेंढा चांदणीसारखा पसरला. रितेशनं मान वर करून आईकडे बघितलं. निशिगंधा गाईच्या पाठीवरची गोचीड शोधायला लागली.

फोनमधली तरुण बाई सांगत होती, "आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बियाचं भात उन्हातून उचललं की ते तसंच..." आणि इतक्यात मागून कोणीतरी असं काही ओरडायला लागलं, की तिचं पुढचं एक अक्षर ऐकू येईना. ओरडणं थांबलं तोवर मुडी भरूनसुद्धा झाली होती.

"कोन गो ती अवदसा?" जनी भडकली. "ती बिचारी शिकवताय आनी ही कुत्र्यावानी भुकताय. असल्या बाईच्या तोंडात शेनाचा गोळा कोंबाय पायजे. हिच्यापायी आपला बी कुजला."

रितेशनं मागं नेऊन पुन्हा लावलं, आवाज वाढवून. आता शब्द ऐकू आले. "उकर, उकर. तुज्या मालकिनीनं दुसऱ्याच्या फुडं सूप रेटलान, तू दुसऱ्याच्या वाफ्यात पाय रेट. जसा देव तशी पालकी..."

आपला आवाज आपल्याला कधी असा ऐकू येत नाही. आपल्याला तो आतून येतो, म्हणून गोड वाटतो. जनीला तो आवाज अजून परक्याचाच वाटत होता, पण सुपाची गोष्ट परक्याला कुठून माहीत असणार? ती निशिगंधाकडे बघत राहिली.

"आई, तुम्ही आहात त्या," निशिगंधा हळूच म्हणाली.

मग जनीच्या डोक्यात एकाला एक लागून सगळं उजेडात यायला लागलं. हा आवाज आपला, तर तो गडग्याच्या अलीकडून पलीकडे गेलेला. म्हणजे फोनमधलं परडं पलीकडचं. म्हणजे ती शुद्ध बोलणारी तरुण बाई चिमाची सून योगिनी. म्हणजे ते हात...

थंडीभर ज्या हातांना ती मनातल्या मनात गुरू मानत होती ते हात चिमाचे होते. हळदीकुंकवाला मध्ये बसून चिमाचीच विद्या चिमाला शिकवली होती. आणि चिमा पदराआड रडत नव्हती.

निशिगंधानं सांगून टाकलं, की दिवाळीच्या सुमारासच तिला हे सापडलं होतं. मागचा आवाजही तिनं ओळखला होता. पण तुम्ही इतक्या खुशीत शिकवत होता, आई, की मला बोलवेना. खाली लोकांनी काय काय लिहिलंय तेही तिनं वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, महत्त्वाचं वाक्य ऐकू आलं नाही. आणि दहा-वीस जणांनी लिहिलं होतं, की मागं ओरडणारी आजी कोण आहे, तिला पुढं आणून बसवा.

जनी घमेल्यावरून उठली. रितेशला वाटलं आत जाऊन निजेल. पण ती दगडी पायऱ्यांच्या पाखाडीनं खाली उतरली, वळसा घेऊन चिमाच्या अंगणात गेली. गडगा ओलांडता आला असता, पण ती सरळ दारानं गेली. वाटेत चार वेळा तिला वाटलं की परत फिरावं. आणि चारही वेळा ओटीवरची दोन माणसांची पायताणं डोळ्यांपुढं आली.

चिमा सुपारी कातरत बसली होती. तिनं वर बघितलं नाही. पाट पुढं सारला.

"गरम भरलंस ना?" चिमा म्हणाली.

जनी बसली. "तुला कसा ठावा?"

"भर दोपारी तळवटावरनं उचलून भरत व्हतीस वयनी. वाफा निगत व्हत्या. गरम भात कोंडला की आत घाम सुटतो आनी बी कुजता. रातभर दवात ठेवायचा, थंड झाला की सकाळी भरायचा. मी गडग्याशी येऊन माज्या कोंबडीला सांगितलंव पन, भाताला दव खाऊ दे गो म्हनून. तेवा तू काय बोललीस, आटवताय?"

जनीला आठवलं. तिची आठवण असल्या बाबतीत कधी दगा देत नाही. ज्याच्या घरात खायला नाही त्यानं दव खावं, असं ती म्हणाली होती.

मग चिमाच्या तोंडून फुर्रकन हसू बाहेर पडलं, सुपारीचं खांड उडालं. जनी आधी रागानं बघत राहिली, मग तिलाही आवरेना. दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. योगिनी घाबरून बाहेर आली, तिला वाटलं भांडण लागलं.

हसू ओसरल्यावर जनीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, की सासूनं तुलाच बरं शिकवलं सगळं, मला नाही.

"तुज्या जिभेवर साकर, म्हनून ती तुला पाटी देऊन बाजारात धाडायची," चिमा म्हणाली. "माज्या जिभेवर काय नव्हता, म्हनून मी चुलीशी. मना तुजा हेवा वाटायचा, वयनी. तू सांजच्याला येऊन बाजारातल्या गमती सांगायचीस. मी पावसचा बाजार लग्नानंतर चार साल बगितला नव्हता."

जनीला हे नवीन होतं. तिला आपली समजूत अशी, की आपण उन्हातान्हात चालून मेलो आणि धाकटी सावलीत बसली.

शेवटी तिनं मागितलं. सरळ मागितलं, कोंबडीला न सांगता. "चिमा, बी दे. पोरा जातील गो माजी."

चिमा उठली आणि माळ्यावरून एक मुडी काढून आणली. तांबड्या पटणी भाताचं बी, सासूच्या वेळेपासून तिनं दरसाल पेरून राखलेलं. जनीनं हात पुढं केले तशी चिमानं मुडी मागं घेतली.

"एक करायचा," ती म्हणाली. "योगिनी फोन धरील. तू माज्या बाजूला बसायचा आनी सांगायचा, की ही माजी धाकटी जाव चिमा, मी मुडी हिच्याकडनं शिकलंय. हलदीकुकवाला सांगितलास त्याच आवाजात सांगायचा."

वाडीच्या बायका बघतील, पावसचे वाणी बघतील, मुंबईकर बघतील. जनीनं मुडीकडे बघितलं, मग चिमाकडे. म्हणाली, की सांगते, पण केस विंचरून येऊ दे.

तिनं सांगितलं. एका वाक्याचं काम होतं. पण पुढं कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर जनी एका वाक्यावर कशी थांबणार? ओवसा सांगितला, एस्टी कुठल्या वळणावर बंद पडली ते सांगितलं, गोठ्यातल्या घमेल्याचं सांगितलं, बटरच्या पाकिटाचंसुद्धा सांगून टाकलं. चिमा बाजूला बसून मुडी बांधत राहिली. लोकांनी 'कातळावरचं घर'मधलं ते सर्वांत जास्त बघितलं.

मृगाला पटणी पेरली. आठवड्याभरात रोपांनी माती फोडली.

पुढच्या गणपतीला निकाल लावायला बसले तेव्हा रितेश पेचात पडला. पास म्हणावं तर चहा, साखर, तेल आणि फोनचा रिचार्ज दुकानातूनच होता. नापास म्हणावं तर शेतात पटणी पोटरीला येऊन लोंब्या टाकायच्या बेतात होती. त्यानं भिवंडीवाल्याला फोन करून सांगितलं, की भात कापून झालं की बघतो. भात दरसाल कापून होतं, तो अजून बघतोच आहे. मधल्या दिवसांत तो रत्नागिरीला एका छापखान्यात जातो, पत्रिकांच्या दिवसांत रात्री उशिरा येतो.

निशिगंधानं परदेशी दाढीवाल्याला फोनमधून काढून टाकलं. तिच्या हातच्या मुड्या आता जनीपेक्षा गोल होतात, हे जनीही मानते, ती घरात नसताना. योगिनी चार वाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांचे हात फोनवर टिपून आणते. चिमाचे गुडघे गेले. ती ओटीवर बसून दोन्ही घरच्या सुनांना हुकूम सोडते, आणि आता तोंड दाखवायलाही तिची हरकत नसते. गौरीला दोन्ही घरची सुपं एकदम ओवसतात. त्यावरून कोणाचं सूप किंचित पुढं होतं, याची चर्चा दोघी जावा पुढचा महिनाभर करतात, पण तोंडावर.

आणि जनी. निशिगंधानं तिला एकदा विचारलं, की आई, तुमची स्वतःची, कोणाकडून न घेतलेली अशी एक तरी गोष्ट सांगा, ती आपण टिपू. जनी हिवाळाभर विचार करत राहिली. मग एका सकाळी डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाटी ठेवली, पाटीत चार वांगी आणि दोन नारळ घातले आणि पावसच्या वाटेला लागली. निशिगंधा फोन धरून मागं. मान कशी ताठ ठेवायची, पाखाडी उतरताना पाऊल कसं तिरकं टाकायचं, गिऱ्हाइकाला लांबूनच नात्यानं हाक मारून कसं अडकवायचं, सगळं जनीनं चालता चालता सांगितलं. अर्ध्या वाटेत दम लागला तेव्हा चिऱ्यावर बसून सांगितलं.

ते फारच थोड्यांनी बघितलं. त्यातल्या एकानं खाली लिहिलं, आजी, आता पावसला रिक्षा जाते.

निशिगंधानं वाचून दाखवलं. जनी म्हणाली, "लिव त्याला. रिक्षाला काय बोलता येताय?"